हॉर्न बदलू नका, आधी अर्थिंग तपासा: जुन्या जीप-पिकअपचा स्टिअरिंग हॉर्न

महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअप कोकणात अजून भरपूर चालतात. पुढून जीपचं तोंड, मागे हौदा, आणि हौद्यात हंगामाप्रमाणे आंब्याच्या पेट्या, चिरे नाहीतर हर्णैच्या बाजूची मासळी. इंजिन कुरकुरत का होईना चालू राहतं, पण हॉर्न मात्र दर पावसाळ्यात रुसतो. आणि गिऱ्हाईक दुकानात येतं तेच हातात नवीन हॉर्नचा खोका घेऊन. "हा बसवून द्या." बसवला की तोही वाजत नाही. मग हॉर्नची कंपनी वाईट, दुकानदार चोर, सगळं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

या गाड्यांत बिघाड बहुतेक वेळा हॉर्नमध्ये नसतो. तो असतो बटणापासून बॉडीपर्यंतच्या वाटेत, म्हणजे अर्थमध्ये (अर्थिंग, करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट). म्हणून खालचा क्रम तसाच ठेवलाय: आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोडा वेळ खाणाऱ्या, आणि स्टिअरिंग काढायची वेळ अगदी शेवटी.

करंट जातो कसा, ते आधी बघा. विलीज जीपपासून चालत आलेल्या रचनेत हॉर्नला बॅटरीचा करंट कायम येऊन थांबलेला असतो. स्टिअरिंगवरचं बटण करंट देत नाही, ते बॉडी देतं, म्हणजे गाडीच्या धातूतून करंटला परतीची वाट देतं. बटण दाबलं की हॉर्नची दुसरी वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून चेसिसला भिडते, चक्कर पूर्ण होते आणि हॉर्न वाजतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) असेल तर फरक एवढाच की बटण हॉर्नऐवजी रिलेच्या कॉइलला बॉडी देतं.

यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. बटणाची वायर तुटली तर हॉर्न गप्प. तीच वायर सोलून बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, हॉर्न आपोआप वाजत सुटतो. घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस इथे नेहमी फसतो.

लक्षणं

बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, नेमकं काय होतं. "हॉर्न खराब आहे" या उत्तरावर समाधान मानू नका. केव्हा वाजतो, केव्हा नाही, आणि वाजत नाही तेव्हा काही टिकटिक ऐकू येते का?

– एकदम गप्प, टिकसुद्धा नाही: फ्यूज, बटण, स्टिअरिंग कॉलममधली वायर किंवा बॅटरीला चेसिसशी जोडणारी अर्थची पट्टी.

– बोनेटखाली टिक येते पण हॉर्न नाही: रिले काम करतोय, म्हणजे बटण आणि कॉलम ठीक आहेत. स्टिअरिंगला हात लावू नका. रिलेचे आतले पॉइंट (एकमेकांना टेकले की करंट जातो ते धातूचे ठिपके), हॉर्नकडची वायर किंवा हॉर्न बघा.

– आवाज बसलेला, घोगरा, इंजिन रेस केलं की थोडा सुधारतो: हॉर्नला पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. कुठेतरी गंज आहे.

– सरळ रस्त्यावर वाजतो, वळणावर दगा देतो: स्टिअरिंगच्या नळीवरचं पितळी कडं आणि त्यावर घासणारा ब्रश. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या माणसाची ही तक्रार असेल तर ती गंभीर धरा, कारण हॉर्न नेमका जिथे हवा तिथेच नसतो.

– स्टिअरिंग वळवलं की आपोआप वाजतो, किंवा थांबतच नाही: बटणाची वायर बॉडीला लागतेय, बटणाची स्प्रिंग गेलीय किंवा रिले चिकटलाय.

– पावसाळ्यात बंद, ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप ठीक: पाणी आणि गंज. हे "आपोआप ठीक" फसवं असतं, पुढच्या जूनमध्ये परत येतं.

– फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: बटणाच्या वायरचा इथे सहसा संबंध नसतो. फ्यूजपासून हॉर्नपर्यंतची वायर कुठे घासलीय का किंवा हॉर्नमधले पॉइंट चिकटलेत का, हे बघायचं.

एकच अडचण. या गाड्यांवर आजवर कितीतरी वायरमनांचे हात फिरलेले असतात आणि कुणी तरी रचना उलटी करून बटणावरच करंट आणलेला असू शकतो. म्हणून बटणाची टोपी काढली की आधी टेस्टिंग बल्बची एक वायर बॉडीला आणि दुसरी बटणाखालच्या वायरला लावून बघा. मूळ रचनेतही इथे बल्ब पेटू शकतो, कारण हॉर्नच्या किंवा रिलेच्या कॉइलमधून करंट येत असतो: रिले असेल तर मंद, थेट हॉर्नवरून असेल तर चांगला उजेड. म्हणून हॉर्नच्या वायरी (रिले असेल तर रिले) काढून, टोकं बॉडीला लागू न देता पुन्हा बघा; तरीही बल्ब पेटला तर तिथे सरळ करंट आहे. अशा वेळी त्या वायरला बॉडी दिलीत तर ठिणगी उडेल आणि फ्यूज जाईल. पुढचं सगळं मूळ रचना धरून लिहिलंय.

हॉर्न थांबतच नसेल तर

बटणावर बुक्क्या मारू नका. बोनेट उघडा आणि हॉर्नची एक वायर ओढून काढा. ती करंटची असू शकते, तेव्हा टोक बॉडीला लागू देऊ नका, टेप मारा. रिले असेल तर रिलेच उपटा. हॉर्न सलग वाजण्यासाठी बनलेला नसतो, काही मिनिटांत कॉइल तापून जळते. म्हणजे दोष होता वायरचा आणि बिल भरायचं हॉर्नचं. शांतता झाली की मग पुढे.

फ्यूज आणि बॅटरीची पट्टी

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. जुन्या गाडीत काचेचा फ्यूज असतो, काहींत चिनी मातीचा. तार तुटली नसली तरी फ्यूज ठीक आहे असं समजू नका. तो काढा आणि दोन्ही टोकं बघा. समुद्राकाठच्या गाडीत तिथे हिरवट-पांढरी पूड असते. करंट त्या पुडीतून कसाबसा जातो. टेस्टिंग बल्ब पेटतो, कारण बल्बाला थोडाच करंट लागतो, पण हॉर्न वाजत नाही. साध्या डिस्क हॉर्नला 3 ते 5 अँपिअर लागतात, जोडीला 8 ते 10. बल्ब पेटला म्हणून वाट मोकळी आहे, असा अर्थ काढायचा नाही. हे पुढच्या प्रत्येक पायरीत लक्षात ठेवा.

फ्यूजची टोकं आणि क्लिपा पॉलिश पेपरने चकचकीत करा, क्लिपा थोड्या दाबून आवळा. सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तांब्याची तार गुंडाळलेला फ्यूज दिसला तर तो पहिला फेकून द्या. त्या तारेने हॉर्न वाजेल, पण शॉर्ट झालं तर वायरिंग जळेल.

आता बॅटरीच्या निगेटिव्हची पट्टी. ती चेसिसला जिथे बोल्टने बसते तो बोल्ट खोला. वरून घट्ट दिसतो, खाली गंजाची पापडी असते. मासळीच्या गाड्यांत तर खारट पाणी सतत ठिबकत असल्यामुळे ही पट्टी आतून कुजलेली असते, वरचं आवरण तेवढं शाबूत. दोन्ही पृष्ठभाग घासून धातू दिसेपर्यंत साफ करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. इंजिनपासून चेसिसला जाणारी दुसरी पट्टी तपासायला विसरू नका. बॉडी रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते, ती आपोआप अर्थ होत नाही.

हॉर्नला डायरेक्ट देऊन बघा

हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीवरून दोन वायरी आणून थेट लावा. करंटच्या वायरमध्ये 15 अँपिअरचा फ्यूज घाला. एकच टर्मिनल असलेला हॉर्न असेल तर त्याची अर्थ त्याच्या पट्टीतूनच जाते, तेव्हा दुसरी वायर पट्टीच्या उघड्या धातूला लावा.

खणखणीत वाजला? मग हॉर्नला दोष देणं थांबवा, नवीन खोका दुकानात परत करा.

नुसती टक् झाली आणि आवाज नाही, किंवा घोगरा आला, तर मागचा ॲडजस्टिंग स्क्रू बघा. डिस्क हॉर्नच्या आत एक कॉइल, एक पातळ पडदा आणि पॉइंटची जोडी असते. पडदा ओढला गेला की पॉइंट सुटतात, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा जुळतात, आणि हे सेकंदाला काही शेकडो वेळा होतं, तोच आवाज. पॉइंट झिजले की अंतर बदलतं. स्क्रू एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, फिरवायचा आणि लगेच वाजवून बघायचा. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करून आवाज खुलत नसेल तर सोडून द्या. त्या हॉर्नचं आयुष्य संपलं, आणि ही एकच वेळ जेव्हा नवीन हॉर्न घ्यायचा.

एक खास प्रसंग इथे सांगायलाच हवा. पासिंगच्या आधी गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, नवी कोरी होऊन येते, आणि हॉर्न बंद. पेंटरने हॉर्नची पट्टी आणि चेसिस दोन्हींवर जाड रंग मारलेला असतो. एक टर्मिनलवाल्या हॉर्नची अर्थ तिथेच मेली. पट्टीचा बोल्ट काढा, खालचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला. दहा रुपयांचं काम आहे, पण हॉर्न वाजत नसेल तर गाडी पास होत नाही आणि एक दिवस फुकट जातो.

एखाद्या गाडीत 6 व्होल्टचं वायरिंग नंतर 12 चं केलेलं असतं. हॉर्न जुनाच ठेवला असेल तर तो काही दिवस फार जोरात वाजतो आणि मग जळतो. हॉर्नवर छापलेला आकडा वाचा.

अर्ध्यावर कापून बघायची युक्ती

आता खरं काम. बोनेटखाली बटणाकडून आलेली वायर शोधा. रिले असेल तर ती रिलेच्या कॉइलच्या एका टर्मिनलला, म्हणजे 85 किंवा 86 ला (हे रिलेच्या पायांचे नंबर), असते. रिले नसेल तर थेट हॉर्नच्या एका टर्मिनलला. ती वायर काढा आणि तिच्या जागी एक छोटी वायर लावून तिचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा.

हॉर्न वाजला तर फ्यूज, रिले, हॉर्न, सगळं एका झटक्यात निर्दोष सुटलं. दोष स्टिअरिंगच्या बाजूला.

नाही वाजला तर स्टिअरिंग निर्दोष. फ्यूजपासून हॉर्नपर्यंत परत जा.

या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि तिच्यामुळे दुसऱ्या बाजूचं अख्खं काम वाचतं. तरी लोक आधी स्टिअरिंग उघडून बसतात. का, ते मला कळलेलं नाही. बहुधा बटण समोर दिसतं म्हणून.

रिले

टिक येते पण हॉर्न नाही, तर रिले काढून त्याच्या खाचेत 30 (बॅटरीकडून येणारा करंट) आणि 87 (हॉर्नकडे जाणारी वाट) एका जाड वायरच्या तुकड्याने जोडा. हॉर्न वाजला तर रिलेचे आतले पॉइंट जळालेत. रिले स्वस्त असतो, उघडून घासत बसू नका.

रिले नसलेल्या गाडीत दोन हॉर्न असतील तर मी रिले घालायचाच सल्ला देतो. कारण सरळ आहे. जोडीचा 8-10 अँपिअर करंट रोज त्या बटणाखालच्या पितळी टिकलीतून आणि ब्रशमधून जातो. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते, टिकली काळी पडते, आणि वर्ष-दोन वर्षांत तीच तक्रार. रिलेच्या कॉइलला लागतो जेमतेम 0.15 अँपिअर, त्याने टिकलीला काहीच होत नाही. बॅटरीवरून 15 किंवा 20 अँपिअरचा फ्यूज घालून 2.5 चौरस मिमीची वायर 30 ला, 87 वरून हॉर्नला, हॉर्नचं दुसरं टर्मिनल बॉडीला, 86 ला फ्यूजनंतरचा करंट, आणि 85 ला बटणाची जुनी वायर. बटणाची वायर आता हॉर्नला लावायची नाही, हे नीट बघा.

ट्रकचे मोठे हॉर्न मूळ वायरीवर बसवायचा मोह अनेकांना होतो. त्याने वायर तापते, आणि वर सूर बदलणारा किंवा कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 क्रमांकाच्या नियमात बसत नाही. पोलिसाचा दंड वेगळा, पासिंगला खोळंबा वेगळा. आधीचा साधा हॉर्न नीट अर्थ केला तर घाटात पुरेसा ऐकू जातो.

बटण

इथून पुढे बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. एक तर पाना इकडे-तिकडे लागून ठिणगी उडत नाही, आणि दुसरं, कानाशी हॉर्न वाजून दचकून हात आपटत नाही.

मधली टोपी काहींत दाबून फिरवली की सुटते, काहींत मागून बारीक स्क्रू असतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याआधी मागून एकदा बघा, जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं. खाली एक स्प्रिंग, एक पितळी वाटी आणि एक फायबरचा किंवा प्लास्टिकचा वॉशर मिळेल. कोण कुठे होतं याचा मोबाईलवर फोटो काढा. तो फायबरचा वॉशर सगळ्यात महत्त्वाचा. तो तुटला की वाटी थेट दांड्याला टेकते आणि हॉर्न थांबत नाही. बाजारात तो सुटा सहसा मिळत नाही. जुन्या सर्किट बोर्डाचा किंवा जाड फायबर शीटचा कापून करता येतो.

वाटी आणि टिकली पॉलिश पेपरने घासा. काचपेपर नको, त्याचे ओरखडे पुन्हा लवकर काळे पडतात. स्प्रिंग दबून बसलेली असेल तर हलकी ताणा. बॉलपेनची स्प्रिंग घालण्याचा उद्योग करू नका, ती मऊ असते आणि खड्ड्यात गाडी आपटली की हॉर्न आपोआप वाजतो.

ग्रीस इथे नको. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात चालेल.

बटणाखालची वायर आणि दांड्याचं नट एका तुकड्याने जोडून बघायचं असेल तर बॅटरी तात्पुरती जोडा. वाजला तर दोष बटणात होता आणि तो आता निघाला. नाही वाजला तर खाली चला.

कडं आणि ब्रश

जीपच्या या घराण्यात वायर दांड्याच्या पोकळ नळीतून खाली येते आणि नळीवर बसवलेल्या एका पितळी कड्याला जोडलेली असते. कड्याखाली इन्सुलेशन असतं. कॉलमच्या बाहेरच्या नळीवर, म्हणजे जॅकेटवर, दोन बारीक स्क्रूंनी एक ब्रश बसवलेला असतो, तो कड्यावर घासत राहतो आणि पुढची वायर त्या ब्रशपासून निघते. स्टिअरिंग कितीही फिरलं तरी जोडणी टिकावी म्हणून ही व्यवस्था.

चांगली गोष्ट ही की ब्रश बघायला स्टिअरिंग काढावं लागत नाही. कॉलमच्या खालच्या बाजूला बोनेटखाली हात घाला, बारीक वायर जिथे जॅकेटमध्ये शिरते तिथे तो सापडतो. स्क्रू गंजलेले असतील तर त्यांच्यावर डब्ल्यूडी-40 मारून चहा पिऊन या. घाई केलीत तर स्क्रूचं डोकं जाईल.

ब्रश काढल्यावर भोकातून आत बघा. टॉर्च मारली की कड्याची पट्टी दिसते. ती सोनेरी दिसायला हवी. काळपट असेल, त्यावर तेल आणि धुळीचा चिकट राप असेल, तर दुसऱ्या माणसाला हळूहळू स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि भोकातून बोटभर कापड पेट्रोलमध्ये भिजवून, पिळून आत धरा. पूर्ण एक फेरा. बॅटरी सुटलेलीच असायला हवी, आणि आजूबाजूला बिडी नको. मग पॉलिश पेपरची पट्टी तशीच. वळणावर दगा देणारे हॉर्न बहुतेक इथेच बरे होतात, कारण राप कड्याच्या एकाच बाजूला साचलेला असतो.

ब्रश झिजून जॅकेटच्या पातळीला आला असेल, किंवा त्याची स्प्रिंग निस्तेज असेल, तर बदला. मूळ मिळाला नाही तर दुसऱ्या ब्रशचा तुकडा घासून बसवता येतो, पण तो खाचेत मोकळा सरकला पाहिजे. अडकून बसला तर तीन-चार दिवसांत परत तेच.

दांडा अर्थ आहे का?

बटण नीट, ब्रश नीट, तरी आवाज घोगरा? मग बॅटरी जोडा, मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटावर, दुसरी स्टिअरिंगच्या नटावर, आणि कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. रिले नसलेल्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दांड्यापासून बॅटरीपर्यंत कुठेतरी अडथळा आहे. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट आणि बॅटरीची ती पट्टी पुन्हा बघा. कुणी नंतर रबरी जोड असलेला दुसऱ्या गाडीचा कॉलम बसवला असेल तर रबरामुळे वरचा दांडा अर्थपासून तुटतो. त्या रबरावरून तांब्याची विणलेली पट्टी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोडावी लागते.

स्टिअरिंग काढायचं असेल तर

नळीतली वायरच गेली असेल तर हे टाळता येत नाही. ती बहुधा एकाच जागी जाते: नळीतून कड्याकडे बाहेर येते त्या भोकाच्या कडेला. तिथली कड धारदार असते, स्टिअरिंग थरथरतं, वायरचं रबर वर्षानुवर्षं कापलं जातं. "वळवलं की वाजतो" ही तक्रार असलेल्या गाडीत मी हीच जागा आधी बघतो.

चाकं सरळ ठेवा. दांडा आणि स्टिअरिंगच्या तुंब्यावर सेंटर पंचने एकासमोर एक खूण करा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसेल. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा. मग पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार) लावा. अडकलेलं स्टिअरिंग सुटतं तेव्हा एकदम सुटतं, आणि नट नसेल तर ते थेट तोंडावर येतं.

पुलर नसेल तर थांबा. दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका. नटाचे आटे तर चेपतातच, पण या गाड्यांत दांड्याच्या तळाशी स्टिअरिंग बॉक्समधला कॅम असतो आणि तो बॉल बेअरिंगवर फिरतो. वरचा फटका सरळ त्या बेअरिंगवर बसतो, तिथे खड्डे पडतात, आणि हॉर्नच्या कामातून स्टिअरिंग जड होतं.

नवी वायर ओढताना जुन्या वायरच्या टोकाला नवी घट्ट बांधा, टेप मारा आणि जुनी खालून ओढा, नवी मागोमाग उतरते. भोकाच्या कडेवरून कानसीचा हात फिरवा आणि वायरवर जाड स्लीव्ह घाला. कड्याला झाळ मारताना पटकन मारा, खालचं इन्सुलेशन वितळलं तर कडं बॉडीला लागेल आणि हॉर्न कायमचा चालू.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुलरनेही स्टिअरिंग सुटत नसेल तर.

स्टिअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) जाणवत असेल, वर-खाली हलत असेल, किंवा फिरवताना खडखडत असेल, तर हॉर्न सोडा आणि गाडी स्टिअरिंगचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे न्या. ते आधीच दुखणं आहे.

वायर जर स्टिअरिंग बॉक्सच्या तळातून नटामधून बाहेर येत असेल, काही वेगळ्या धाटणीच्या कॉलममध्ये तशी असते, तर तो नट खोलू नका. बॉक्समधलं तेल निघून जाईल.

वायरिंगमध्ये जळका वास येत असेल, रबर मऊ पडलं असेल किंवा फ्यूज बदलल्याक्षणी उडत असेल, तर बॅटरी सोडा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम हॉर्नपुरतं राहिलेलं नाही.

हॉर्नची कॉइल वारंवार जळत असेल तर चार्जिंग मोजून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटरचं काम आहे.

आणि कुणी हौसेने नव्या गाडीचं स्टिअरिंग आणून बसवलं असेल आणि त्याच्या मध्यावर एअरबॅगचं चिन्ह असेल, तर टोपीला हातही लावू नका. ती एअरबॅग स्फोट होऊन उघडते, आणि तुमचं तोंड तिच्या समोर असेल.

सगळं बसवून झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा, हेडलाइट आणि वायपर लावा, हॉर्न दाबून ठेवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. थोडं फिरवून थांबा, हॉर्नलाही श्वास घेऊ द्या, मग पुढे. कुठे आवाज तुटला तर त्या जागी चाकाची स्थिती लक्षात ठेवून ब्रश पुन्हा उघडा. दोन्ही टोकांपर्यंत एकसारखा वाजला की बॉनेटखाली, डबक्याचं पाणी उडतं त्या बाजूच्या टर्मिनलांवर व्हॅसलीन लावा आणि डिस्क हॉर्नचं तोंड खाली झुकवून आवळा. वर तोंड करून बसवलेला हॉर्न पावसाचं पाणी साठवतो.